तंबूला भिंती नसतात

वीकेन्ड, तलाव, टेंट आणि तारे... कॅम्पिंगचं पॅकेज फोटोत कसलं मस्त दिसतं! फोटोला आवाज नसतो ना. शेजारच्या टेंटमधला स्पीकर सुरू झाला की मग कळतं, शेजार काही सोसायटीतच असतो असं नाही. मोकळ्या रानातही तो लागतोच.

रात्रीचे पावणेदोन. मी टेंटमध्ये उताणी पडलेय. डोक्याखाली जर्किनची उशी, पाठीखाली एक हट्टी दगड आणि कानात ढिंग-ढिक्, ढिंग-ढिक्. गाणं कोणतं ते सांगायची गरज नाही. तुमच्या चुलतभावाच्या हळदीत वाजलं, ऑफिसच्या अॅन्युअल डेला वाजलं, गणपतीत गल्लीच्या तोंडाशी वाजलं, तेच. फरक इतकाच, की आत्ता मी गल्लीत नाहीये. भंडारदऱ्याच्या जलाशयाच्या काठावर आहे. समोर काळंभोर पाणी, मागे सह्याद्री, आणि ज्याच्यासाठी एवढा आटापिटा केला ते काजव्यांचं झाड इथून शंभर पावलांवर. शेजारी झोपलेली (म्हणजे झोपल्याचं सोंग घेतलेली) मैत्रीण अंधारात पुटपुटते, "ठाण्यातच राहिलो असतो तर निदान एसी तरी होता."

ही गोष्ट 2024 च्या जूनमधल्या पहिल्या शनिवारची. आम्ही चौघं. मी, माझी ही कॉलेजपासूनची मैत्रीण, तिचा नवरा आणि आमच्या सगळ्या ट्रिपांचा स्वयंघोषित लीडर असलेला एक मित्र. चौघांनाही आठवड्याचा पार कंटाळा आलेला. फोन नको, मीटिंग नको, हॉर्न नको, एक रात्र फक्त अंधार बघायचा, एवढीच अपेक्षा. दुपारी निघालो. कसारा घाट, घोटीला चहा, वाटेत पानाच्या द्रोणातली करवंदं. सगळं कसं स्क्रिप्टप्रमाणे चाललं होतं.

काजव्यांचं हे प्रकरण ज्यांनी पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. मेचा उत्तरार्ध ते पावसाचा जोर वाढेपर्यंत, असा जेमतेम महिनाभराचा हा सीझन. अकोले तालुक्यातला हा सगळा भाग कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात किंवा त्याला खेटून येतो. अभयारण्य 1986 साली जाहीर झालं. धरण त्याच्या कितीतरी आधीचं, 1926 मध्ये पुरं झालेलं. इथल्या हिरडा, बेहडा, सादडा, उंबर अशा झाडांवर हजारोंनी काजवे जमतात आणि अख्खं झाड एका लयीत उजळतं, विझतं, उजळतं. दिवाळीच्या माळा त्यापुढे झक मारतील! मुळात हा सगळा स्वयंवराचा मामला आहे. नर चमकून इशारा करतो, मादी चमकून उत्तर देते. कित्येक महिने अळीच्या रूपात ओल्या मातीत, पालापाचोळ्यात गोगलगायी खात काढायचे आणि पंख फुटल्यावर हातात उरतात जेमतेम दोन-तीन आठवडे. एवढ्यात जोडीदार शोधायचा. त्यातही सगळी बोलणी उजेडाच्या भाषेत. म्हणजे आपण तिथे गाडीचे हेडलाइट लावून उभे राहिलो, की त्यांची लाइनच कट.

मेअखेरीला धरणाचं पाणी खूप मागे सरकतं आणि काठाची मोठी सपाट जमीन उघडी पडते. टेंट लागतात ते तिथे. आमचे यजमान मामा (गावाचं आणि त्यांचं नाव मुद्दाम देत नाही, का ते पुढे कळेल) फोनवर म्हणाले होते, "सात-आठच तंबू असतील." पोहोचलो तेव्हा मी मोजले. एकवीस. त्यात शेजारच्या दोन जागा मामांच्या भावकीतल्या, तिसरी कुणा शहरातल्या ऑर्गनायझरची. कोणाचा टेंट कुठे संपतो आणि कोणाचा कुठे सुरू होतो, काही पत्ता नाही. दोन टेंटमध्ये सुकत घातलेला टॉवेल मावेल, एवढंच अंतर.

तरीही सातपर्यंत स्वर्ग होता. रतनगडाच्या बाजूला ढग जमलेले, पाण्यावरून वारा, मामींच्या हातची गरम कांदाभजी. लीडर म्हणाला, "यार, हे खरं लाइफ."

साडेसातला दोन एसयूव्ही थेट काठापर्यंत आल्या. नऊ जण उतरले. सव्वीस-सत्तावीसचे, हसरे, टी-शर्ट, थ्री-फोर्थ. अगदी आपल्यासारखे. मग डिकीतून एक वस्तू उतरली. हिला बाजारात ट्रॉली स्पीकर म्हणतात. चाकं असलेली, हँडल असलेली, पुढे रंगीत दिवे लुकलुकणारी, साधारण पाचवीतल्या मुलाच्या उंचीची. मैत्रिणीच्या नवऱ्याने माझ्याकडे बघितलं. मी त्याच्याकडे. दोघंही काही बोललो नाही.

आमची पहिली चूक तीच. पण तेही पुढे.

"आम्ही पण पैसे भरलेत"

नऊपर्यंत आम्ही समजूतदारपणाचा आव आणला. वीकेन्ड आहे, त्यांचाही आहे, करू दे एन्जॉय. काजव्यांच्या झाडाकडे गेलो तर त्यांच्यातले चौघं आधीच तिथे मोबाइलचे टॉर्च लावून काजव्यांचे फोटो काढत होते. टॉर्च लावून! काजव्यांचे! गाडीचे दिवेही झाडाच्या रोखाने सुरूच. झाडाच्या उजेडातल्या बाजूला काजवे नव्हते. पलीकडच्या काळोखात थोडे होते, ते आम्ही मान वाकडी करून पाहिले.

दहा वाजून वीस मिनिटांनी आमचा लीडर उठला. फार गोड बोलतो तो, क्लायंट सांभाळायची सवय आहे. गेला, हसला, म्हणाला, "बॉस, जरा आवाज कमी करता का? झोपायचंय." त्यांच्यातला एक तितक्याच गोडीत म्हणाला, "ब्रो, चिल. आम्ही पण पैसे भरलेत." आवाज कमी झाला. बरोबर दोन गाणी. तिसऱ्याला पहिल्यापेक्षा जास्त.

सव्वाबाराला मैत्रिणीचा नवरा आणि मी गेलो. तोपर्यंत बाटल्या बऱ्याच रिकाम्या झालेल्या, त्यामुळे सूर बदललेला. "एवढीच शांतता पाहिजे तर घरी झोपायचं ना!" असं कोणीतरी मागून म्हणालं आणि सगळे हसले. एक जण उठून आमच्या फारच जवळ येऊन उभा राहिला. काही बोलला नाही, नुसता उभा. मैत्रिणीचा नवरा एरवी गरीब गाय आहे, पण त्या दिवशी त्याची सटकली. "आवाज कमी करतोस की..." या 'की'च्या पुढे काय होतं ते त्यालाही माहीत नव्हतं. मी त्याचा हात धरून त्याला मागे ओढलं. खरं सांगते, त्या दहा सेकंदांत माझ्या पोटात गोळा आला होता. किर्र अंधार, मोबाइलला रेंज नाही, ते नऊ, आम्ही चार. आवाजावरून सुरू झालेलं भांडण डोक्यात बाटली घालण्यापर्यंत जायला कितीसा वेळ लागतो?

मग आम्ही ते केलं जे शहरातला माणूस करतो. तक्रार घेऊन मॅनेजमेंटकडे गेलो. म्हणजे मामांच्या घराकडे.

घर टेंटपासून हाकेच्या अंतरावर. ओट्यावर मामी बसलेल्या, जाग्याच. आतून बाळाच्या रडण्याचा आवाज.

"सून बाळंतीण हाय," मामी म्हणाल्या. "बारा दिस झालं. लेकरू निजतंय अन् धडधडलं का पुन्ना दचकून उठतंय."

मी गप्पच झाले. आम्ही आमच्या झोपेची कैफियत घेऊन आलो होतो. इथे बारा दिवसांचं बाळ, त्याची ओली बाळंतीण आई, तीन तास तोच ठोका ऐकत होती. स्वतःच्या घरात. आणि या बाईने संध्याकाळपासून आम्हाला भजी वाढताना त्यातला एक शब्द काढला नव्हता.

मामा बाहेर आले. मी म्हटलं, "मामा, तुम्ही सांगा ना त्यांना. तुमचं ऐकतील."

"ताई, मी काय बोलू? पाहुनं हायेत. एकाला गप बस म्हनलं का तो सकाळच्याला मोबाइलवर एकच चांदनी देतो. मंग म्होरल्या शनवारी फोन येत न्हाई." मग हिशेब सांगितला, अगदी शांतपणे. काजव्यांचे चार, फार तर पाच शनिवार. मग पाऊस, मग भाताची लावणी. या चार-पाच रात्रींत जे येतं त्यात खत, बियाणं आणि पोरांची शाळा. नऊ माणसं एकदम म्हणजे त्या रात्रीची जवळपास निम्मी कमाई. त्या निम्म्या कमाईला रात्री साडेबारा वाजता 'गप बसा' कोण म्हणणार?

एक तारा! आपण कॅबवाल्याला देतो, पिझ्झावाल्याला देतो, तोच. तो इथे येऊन एका बारा दिवसांच्या बाळाच्या झोपेवर बसला होता.

आता माझं बघा

टेंटमध्ये परत येऊन पडले आणि काही केल्या झोप येईना. ती नुसती स्पीकरमुळे नाही. मला पवना आठवलं.

2022 च्या डिसेंबरमधली गोष्ट. एका ठिकाणी मी सहा महिन्यांचं काम करत होते, त्या टीमचं आउटिंग. पवना धरणाचा काठ. समोर तुंग आणि तिकोना, काठाला ओळीने टेंट, बार्बेक्यू, शेकोटी. आम्ही चौदा जण. स्पीकर आमचाच होता. प्लेलिस्ट माझी होती! रात्री बाराच्या सुमारास शेजारच्या टेंटमधून एक गृहस्थ आले, कडेवर पेंगुळलेली मुलगी. फार नम्रपणे म्हणाले, जरा कमी कराल का. आम्ही म्हणालो, "हो हो काका, सॉरी काका." (काका असतील पस्तिशीचे. आज मी त्या वयाच्या किती जवळ आलेय!) आवाज कमी केला. दहा मिनिटांनी कोणाचं तरी फेव्हरिट गाणं लागलं आणि पुन्हा वाढवला. तीनपर्यंत. त्या रात्री आमच्यापैकी एकालाही आपण कोणाचा छळ करतोय असं वाटलं नव्हतं. आठवडाभर पिळून निघालेल्या चौदा माणसांना एक रात्र मिळाली होती, बस. फोटो अजून माझ्या फोनमध्ये आहेत. सगळे खूप आनंदी दिसतायत.

म्हणजे भंडारदऱ्याचे नऊ जण कोणी वेगळ्या ग्रहावरचे नव्हते. आपण निसर्गात जातो ते दोन कारणांनी. काहींना आवाजापासून सुटका हवी असते. काहींना आवाज न करण्याच्या सक्तीपासून! शहरात भाड्याच्या फ्लॅटमध्ये दहानंतर खुर्ची सरकवली तरी खालून फोन येतो. तिथून सुटलेला माणूस डोंगरात पोहोचला की मोकळा ओरडणारच. दोघांनाही एकच जाहिरात दिसलेली असते आणि दोघांनाही एकाच रात्री एकाच काठावर उतरवलेलं असतं. शांततेचे पैसे आम्ही भरले होते, धमालीचे त्यांनी. एकाच यूपीआय नंबरवर.

दोन वाजून चाळीस मिनिटांनी आवाज बंद झाला. कोणाला उपरती झाली नव्हती. स्पीकरची बॅटरी संपली होती.

आणि मग जे काही ऐकू आलं! आधी काहीच नाही, कान नुसते सुन्न. मग बेडकांचं एक टोक, मग दुसरं. रातव्याचा तो ठोकल्यासारखा टुक-टुक-टुक आवाज. पाण्याची बारीक चुळबुळ. लांब कुठेतरी बैलाच्या गळ्यातली घंटा. मैत्रीण उठून बसली. आम्ही दोघी बाहेर आलो, झाडाकडे गेलो. काजव्यांचा भर ओसरला होता, फांदीवर इथे एक तिथे एक असे थोडेच उरलेले. आम्ही तिथे पाऊण तास बसलो. मामांच्या घरातून बाळाचा आवाज येत नव्हता.

पाणी, हवा आणि डेसिबल

परत आल्यावर मला एक प्रश्न छळत होता. इतका लांबचा आवाज इतका जवळ कसा वाजत होता? थोडं वाचलं, एका साउंड इंजिनिअर मित्राचं डोकं खाल्लं. उत्तर मजेशीर आहे. दिवसा जमीन तापते, तिच्यालगतची हवा गरम असते, आणि आवाजाच्या लहरी वर वळून निघून जातात. निरभ्र, शांत रात्री उलटं होतं. खालची हवा थंड, वरची त्या मानाने ऊबदार. त्यामुळे वर जाऊ पाहणारा आवाज पुन्हा खाली वाकतो. त्यात पुढ्यात संथ पाणी. गवत, झाडं, माती आवाज थोडाफार पिऊन टाकतात, पाणी मात्र तो तसाच पुढे ढकलतं. म्हणून तलावापलीकडच्या वाडीतला खोकलाही कधी कधी स्पष्ट ऐकू येतो.

आता आकडे. मोकळ्यावर अंतर दुप्पट झालं की आवाज साधारण 6 डेसिबलने उतरतो. असा पार्टी स्पीकर एक मीटरवर 100 डेसिबल सहज गाठतो. म्हणजे 64 मीटरवर तो अजून 64 च्या आसपास असणार. आपल्याकडे निवासी भागासाठी रात्रीची मर्यादा आहे 45. त्या 45 पर्यंत उतरायला या हिशेबाने साडेपाचशे मीटरपेक्षा जास्त अंतर हवं, तेही वारा आणि पाणी त्याच्या बाजूने नसतील तर. टेंटचं कापड? त्याचा उपयोग शून्य. फार तर डास अडतील. आणि तो जो ढिक्-ढिक् बास असतो, तो तर भिंतींनाही जुमानत नाही, नायलॉनचं काय घेऊन बसलात!

"रानात कसला आलाय नियम?" हा डायलॉग त्या रात्री मी ऐकला होता. तर नियम आहे. ध्वनिप्रदूषण (नियमन व नियंत्रण) नियम, 2000. रात्री दहा ते सकाळी सहा, बंद सभागृहासारख्या जागा सोडल्या तर लाउडस्पीकर आणि आवाज वाढवणारी यंत्रं वाजवायला मनाई. त्यातून ठरावीक सणासुदीच्या दिवसांपुरती बारापर्यंतची सूट सरकार देऊ शकतं, वर्षाकाठी जास्तीत जास्त पंधरा दिवस. गणपती-नवरात्रात आपण ज्यावरून वाद घालतो ते हेच पंधरा दिवस. तुमच्या ऑफिसचं आउटिंग त्यात बसत नाही, सॉरी. सर्वोच्च न्यायालयाने 18 जुलै 2005 च्या निकालात ही दहा ते सहाची वेळ उचलून धरली आणि दुसऱ्याच्या कानावर जबरदस्तीने आवाज आदळण्याचा हक्क कोणालाच नाही, असं बजावलं. अभयारण्याची हद्द असेल तर आणखी एक कायदा लागू, 1972 चा वन्यजीव संरक्षण कायदा. वन्यप्राण्यांना त्रास देणं, आवारात कचरा टाकणं, धोका होईल अशी आग पेटवणं, हे सगळं त्यात बसतं. काजव्यांच्या हंगामात वनखात्याने अलीकडे रात्रीच्या गाड्यांवर आणि गर्दीवर निर्बंधही घातलेत.

गंमत म्हणजे अमेरिकेतल्या नॅशनल पार्कांच्या नियमांतही रात्री दहा ते सकाळी सहा हीच वेळ आहे. तिथे एक आकडाही लिहून ठेवलाय, 50 फुटांवर 60 डेसिबल, त्यावर गेलात तर नियमभंग. सिएटलला असणारी माझी मावसबहीण सांगते, तिथल्या कॅम्पग्राउंडवर टेंटची जागा नंबर घालून आखलेली असते आणि दहानंतर रेंजर चक्कर मारतो. तो येऊन बोलतो, शेजाऱ्याने शेजाऱ्याशी भांडायची पाळी येत नाही. "म्हणून तिथे सगळे शहाणे आहेत असं नाही हं," ती म्हणाली. "आम्ही देसी ग्रुपनेच दोनदा वॉर्निंग खाल्लीये."

आपल्याकडे हा रेंजर नाही, हीच तर गोची आहे. कायदा आहे, पण रात्री बारा वाजता तो सांगायला कोणी नाही. 112 वर फोन करता येतो. रेंज असेल तर. आणि समजा पोलिस आलेच, तर पंचाईत कोणाची? त्या नऊ जणांची कमी, मामांची जास्त. परवानगी कोणाची, जागा कोणाची, एवढे टेंट कसे, हे प्रश्न त्यांनाच विचारले जाणार. म्हणूनच त्या रात्री आम्ही फोनसाठी टेकाडावर चढलो नाही.

नऊ वाजताची चहाची वेळ

मग करायचं काय? बरीच वर्षं ट्रेक नेणाऱ्या एका मित्राला हे सगळं सांगितलं तर तो हसायलाच लागला. "तुम्ही गेलात साडेदहाला? अगं, साडेदहाला फक्त भांडण होतं. जायचं आठला." त्याचं लॉजिक साधं आहे. शेजारी आले की लगेच, टेंट लावायच्या आधी, स्वतःहून जाऊन ओळख करून घ्यायची. कुठून आलात, हॅमर पाहिजे का, आमच्याकडे भजी आहेत. आणि त्याच गप्पांत सहज विचारायचं, गाणी किती वाजेपर्यंत? आम्ही दहाला झोपणार आहोत. माणूस शुद्धीत आणि मूडमध्ये असताना जो 'दहा' म्हणतो, तो शब्द पाळायची शक्यता बरीच असते. ओळख झालेल्या माणसाला त्रास देणं जड जातं. अनोळखी टेंट हा नुसता टेंट असतो.

आम्ही साडेसातला त्यांच्याकडे बघितलं आणि गप्प बसलो. पहिली चूक म्हटलं ती हीच. तीन तास मनातल्या मनात शिव्या घातल्या आणि मग एकदम न्याय मागायला गेलो.

दारू चढल्यानंतर मात्र जायचंच नाही, असं तो बजावून सांगतो. मुलींनी तर नाहीच, मुलग्यांनीही हिरोगिरी करायला जायचं नाही. टेंट उचलायचा आणि लांब लावायचा, नाहीतर गाडीत झोपायचं. हे ऐकायला फार भित्रेपणाचं वाटतं, मलाही वाटलं. पण त्या दहा सेकंदांतला पोटातला गोळा आठवला आणि पटलं.

दुसरी मैत्रीण एचआरमध्ये आहे. तिचा मुद्दा वेगळा. बुकिंगच्या फोनवर आपण जेवणात चिकन आहे का विचारतो, टॉयलेट वेस्टर्न आहे का विचारतो, चार्जिंग पॉइंट विचारतो. टेंट किती आणि स्पीकर चालतो का, हे कोणी विचारत नाही. मग ऑर्गनायझर कशाला ठरवेल? ती आता कंपनीचं आउटिंग ठरवतानाच सांगते, अख्खी जागा आपली एकट्याची असेल तर डीजे, नाहीतर गिटार. जुन्या गिर्यारोहण ग्रुपांच्या ट्रेकला तर स्पीकर आणायचा नाही हा दंडकच असतो. एक लीडर सॅक तपासून स्पीकर काढून घेतो आणि उतरल्यावर परत देतो, शाळेत बाई चेंडू जप्त करायच्या तसा. आणि ज्यांना जमेल त्यांनी सरळ मंगळवार-बुधवारची सुट्टी टाकावी. अर्धे टेंट, अर्धे पैसे, पूर्ण झोप.

इअरप्लगही घेऊन जा. मेडिकलमध्ये मिळतात, चिल्लर किमतीत. मला आधी फार राग यायचा या सल्ल्याचा. शांतता ऐकायला गेलेल्या माणसाने कानात बोळे घालायचे? पण पाठीखालच्या दगडावर उपाय म्हणून आपण मॅट नेतोच की.

"सांगायचं ना!"

त्या रविवारची सकाळ सांगायची राहिली. साडेसातला मी चहा घेत पाण्याकडे बघत बसले होते. रात्री आमच्या जवळ येऊन उभा राहिलेला तो मुलगा डोळे चोळत आला. हातात चहा. उन्हात तो एकदम लहान दिसत होता.

"गुड मॉर्निंग. तुम्ही कुठून?"

"ठाणे."

"आम्ही पण तिकडचेच! काल झोप लागली ना तुम्हाला? आमचं जरा जास्तच झालं वाटतं."

मी म्हटलं, "नाही लागली."

त्याचा चेहरा खरोखर पडला. "अरे यार... सांगायचं ना मग!"

"सांगितलं की. दोनदा."

"कधी?"

त्याला आठवत नव्हतं. खोटं बोलत नव्हता, खरंच आठवत नव्हतं. मी पवन्याच्या काकांचा चेहरा आठवायचा प्रयत्न केला. मलाही आठवला नाही. फक्त कडेवरच्या मुलीचा लाल स्वेटर आठवला.

तेवढ्यात मामी कपबशा न्यायला आल्या. आतून बाळ रडलं. "इथे बाळ आहे?" त्याने विचारलं. मामी म्हणाल्या, "हाय की. तेरावा दिस आज." तो काही बोलला नाही. जाताना बघितलं, त्यांच्या गाडीच्या काचेवर एका आयटी पार्कच्या पार्किंगचा स्टिकर होता. मैत्रिणीच्या नवऱ्याने तो बघितला आणि कपाळावर हात मारला. त्याच्याही गाडीवर तोच आहे. रंगही तोच, लेव्हल टू.

त्यांची गाडी निघायच्या आधी तो मुलगा मामांशी काहीतरी बोलत होता आणि मामा नको नको म्हणत होते. बाळाच्या हातावर ठेवायला पाचशेची नोट होती, असं नंतर मामींनी सांगितलं. पुढच्या आठवड्यात मी त्या जागेचं पान मोबाइलवर उघडून बघितलं. नवा एकच रिव्ह्यू होता. पाच तारे, 'अमेझिंग व्हाइब्स'. त्यांच्यापैकी कोणाचा होता की काय, कोण जाणे.

2025 च्या एप्रिलमध्ये मी पुन्हा मामांना फोन लावला. काजव्यांसाठी, मधल्या वारी, आम्ही चौघंच. माझे प्रश्न मी लिहूनच ठेवले होते. टेंट किती, शेजारी कोण, गाड्या कुठे लावतात. पण मी तोंड उघडायच्या आधी मामाच म्हणाले, "ताई, एक इचारू का? राग मानू नका. तुमच्याकडं स्पीकर हाय?"

"नाही, मामा."

"मंग या," ते म्हणाले. "लेकरू आता रांगतंय."